‘अंधश्रद्धा’ म्हणजे ‘पिवळा पीतांबर’ का?

सोलापूरच्या एका वाचकाने विचारलंय: ‘गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याला (त्यांच्या प्रतीकात्मक लग्नाला) आई हात जोडून उभी होती. परतल्यावर त्यावरून घरात वाद झाला. भाचा म्हणतो, पुराव्याशिवाय मानणं म्हणजेच श्रद्धा. मग ती सगळी आंधळीच. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द ‘पिवळा पीतांबर’सारखा द्विरुक्त झाला. हे बरोबर आहे का?’

मला पटत नाही. ज्याला पुरावा मागायचा, तो शब्द मराठीत वेगळा आहे, विश्वास. चाटी गल्लीतला दुकानदार चादर उलगडून म्हणतो, ‘रंग जाणार नाही, विश्वास ठेवा.’ तो ‘श्रद्धा ठेवा’ म्हणाला तर गिऱ्हाईक चमकेल. पहिल्या धुण्यात खरंखोटं कळतं, म्हणून विश्वास बसतो, उडतो, त्याचा घातही होतो. ‘श्रद्धाघात’ असा शब्द मी तरी कधी ऐकला नाही.

श्रद्धा शब्दात ‘धा’, म्हणजे ठेवणं, हा धातू आहे. मन कुठे ठेवलंय, ते ती सांगते. ते चांगल्याच ठिकाणी ठेवलेलं असतं, असा दावा जुन्यांनीही केला नव्हता. गीतेच्या 17व्या अध्यायात श्रद्धा सात्त्विक, राजस आणि तामस अशी तीन प्रकारची सांगितली आहे.

आता ‘अंध’. इथे भाच्याची खरी गल्लत होते. माझ्या लहानपणी मावशीला कावीळ झाली, तेव्हा गावातल्या एकाने तिच्या डोक्यावर काड्यांची माळ ठेवली. माळ रोज लांबत गेली, आधी गळ्यापर्यंत, मग छातीपर्यंत. घरचे म्हणायचे, ‘बघा, कावीळ उतरतेय.’ म्हणजे तिथे पुरावा होता, डोळ्यांसमोर लोंबत होता! काड्या वाळून आक्रसतात, दोऱ्याचे फास सैल होतात आणि माळ लांबते. निरोग्याच्या डोक्यावर ठेवली असती तरी ती लांबलीच असती, पण तसं करून कुणी पाहिलं नाही. मावशीचे डोळे पिवळेजर्द होते, तेही कुणी पाहिलं नाही. दवाखान्यात न्यायला आठ दिवस उशीर झाला. हे आठवलं की अजून संताप येतो. समोर दिसतंय ते न पाहणं, हा ‘अंध’चा अर्थ.

याउलट याच यात्रेत संक्रांतीला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच, जड काठ्या, पेलणारे पाहा. सिद्धरामेश्वरांवर त्यांची श्रद्धा असते, तिला पुरावा कुणी मागत नाही. तरी यात्रेआधी कित्येक दिवस ते पेलण्याचा सराव करतात. तोल हातांनी आणि कमरेनेच सांभाळायचा असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ही श्रद्धा मला चांगली वाटते, अगदी मनापासून.

2013च्या ज्या कायद्याला आपण सर्रास ‘अंधश्रद्धाविरोधी कायदा’ म्हणतो, त्याच्या अधिकृत नावातही श्रद्धा हा शब्द नाही. नरबळी, अमानुष व अघोरी प्रथा, जादूटोणा असे शब्द आहेत. म्हणजे रोख कृतींवर आहे.

तेव्हा अक्षता सोहळ्यात हात जोडून उभ्या राहिलेल्या तुमच्या आईला भाच्याने अंधश्रद्धाळू म्हणू नये. तिच्यासाठी ‘भाविक’ हा नेमका शब्द आहे.