वाचकांचे प्रश्न: बंदरातली तपासणी गँगवेवरच सुरू होते

व्यापारी जहाजांवरची सुरक्षा आणि बंदरातली तपासणी यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरे दिली आहेत. पार्श्वभूमी थोडक्यात अशी. आयएसपीएस, म्हणजे जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता, डिसेंबर २००२ मध्ये लंडनच्या परिषदेत मंजूर झाली आणि १ जुलै २००४ पासून लागू झाली. सोलास, म्हणजे समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अकरा-दोन या प्रकरणामुळे ती बंधनकारक आहे. तिचा ‘अ’ भाग सक्तीचा आहे, तर ‘ब’ भाग मार्गदर्शनासाठी आहे. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणारी प्रवासी जहाजे, ५०० ग्रॉस टनेज व त्यावरची मालवाहू जहाजे आणि त्यांना सेवा देणारी बंदरे तिच्या कक्षेत येतात.

प्रश्न: आमची सगळी प्रमाणपत्रे चालू होती. तरीही पोर्ट स्टेटच्या, म्हणजे बंदर ज्या देशात आहे त्या देशाच्या, निरीक्षकाने सुरक्षेची सखोल तपासणी सुरू केली. त्याला तो अधिकार आहे का? (थर्ड ऑफिसर, बल्क कॅरिअर)

अधिकार आहे, पण त्याला अट आहे. जहाजावर वैध आंतरराष्ट्रीय सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे आयएसएससी, असेल तर निरीक्षकाने ते मान्य करून तिथेच थांबायचे असते. पुढे जाण्यासाठी त्याच्याकडे ‘स्पष्ट कारण’ असावे लागते. उपकरणांत किंवा व्यवस्थेत गंभीर त्रुटी दिसणे, तक्रार आलेली असणे, खलाशांना सुरक्षेच्या मूलभूत पद्धती माहीत नसणे, जबाबदार माणसांचा एकमेकांशी संपर्क होऊ न शकणे, ही अशी कारणे आहेत.

यातले बहुतेक कारण निरीक्षकाला गँगवेवरच, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर चढायच्या शिडीवरच, सापडते. अंगात चमकणारे जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, हातात फाइल घेतलेला माणूस वर येतो. वॉचवरचा एबी, म्हणजे पहाऱ्यावरचा खलाशी, त्याला सलाम करतो आणि “कॅप्टन वर आहेत, चला” म्हणून थेट मास्टरच्या केबिनपर्यंत नेऊन सोडतो. ओळखपत्र पाहिलेले नाही, वहीत नाव नाही, ड्युटी ऑफिसरला वॉकी-टॉकीवर निरोप नाही आणि गँगवे तेवढा वेळ रिकामा. मास्टरच्या टेबलावरचे प्रमाणपत्र कितीही कोरे करकरीत असले, तरी निरीक्षकाला हवे ते कारण मिळालेले असते.

गँगवेवरचे काम या क्रमाने व्हायला हवे. माणसाला गँगवेच्या माथ्यावरच थांबवा. ओळखपत्र मागा आणि फोटो चेहऱ्याशी ताडून पाहा. नुसते लांबून दाखवलेले कार्ड चालणार नाही. कोणाकडे आणि कशासाठी आला आहे ते विचारा आणि ड्युटी ऑफिसरला कळवून होकार मिळवा. मग वहीत तारीख, नाव, संस्था, ओळखपत्राचा क्रमांक, आत येण्याची वेळ आणि त्याला दिलेल्या पाहुण्याच्या बिल्ल्याचा क्रमांक लिहा. सोबत न्यायला दुसरा माणूस बोलवा, वॉचमनने जागा सोडायची नाही. उतरताना बिल्ला परत घ्या आणि बाहेर पडण्याची वेळ लिहा. हा शेवटचा रकाना सर्रास रिकामा राहतो. वहीवरून पाहिले तर आदल्या बंदरातले पाचसहा गोदी कामगार अजून जहाजावरच आहेत असे दिसते, आणि निरीक्षक बरोबर तेच पान उघडतो.

सरकारी अधिकाऱ्याचे ओळखपत्र पाहायचे, क्रमांक टिपायचा आणि परत द्यायचे. ते ठेवून घ्यायचे नाही आणि त्याची झडतीही घ्यायची नाही. पायलटचेही ओळखपत्र पाहायचे असते. ओळख विचारली म्हणून कामाचा अधिकारी रागावत नाही, उलट तो तीच वाट पाहत असतो. ‘साहेबांना कसे विचारायचे’ हा संकोच वॉचवरच्या पोराच्या मनातून काढणे हे जहाजाच्या सुरक्षा अधिकाऱ्याचे, म्हणजे एसएसओचे, पहिले काम आहे.

प्रश्न: निरीक्षकाने जहाजाचा सुरक्षा आराखडा मागितला तर द्यायचा का? (चीफ ऑफिसर)

सरसकट द्यायचा नाही. ‘अ’ भागाच्या ९.८ कलमानुसार आराखडा पोर्ट स्टेटच्या तपासणीच्या बाहेर आहे. स्पष्ट कारण असेल आणि त्रुटी पडताळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तर तेवढ्याच संबंधित भागापुरता तो दाखवता येतो, तोही फ्लॅगच्या, म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलेले आहे त्या देशाच्या, किंवा मास्टरच्या संमतीने. काही भाग मात्र मास्टरची संमती असली तरी उघडता येत नाहीत. प्रतिबंधित जागा व तिथला अटकाव, धोक्याला द्यायचा प्रतिसाद, तिसऱ्या, म्हणजे सर्वात वरच्या, सुरक्षा पातळीवरच्या सूचनांची अंमलबजावणी, सुरक्षा कर्मचाऱ्यांची कर्तव्ये, उपकरणांची चाचणी आणि गुप्त इशारा यंत्रणेची बटणे व त्यांचा वापर, हे ते भाग. त्यासाठी संबंधित सरकारांची आपसात सहमती लागते. आवाज न चढवता कलम दाखवावे आणि कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे सीएसओला, लगेच फोन लावावा.

ड्रिल, प्रशिक्षण, सुरक्षा पातळीतले बदल आणि उपकरणांची देखभाल यांच्या नोंदी आराखड्याच्याच फाइलमध्ये लावू नका. त्यांची वेगळी फाइल ठेवा. नाहीतर एक ड्रिलची नोंद दाखवताना अख्खा आराखडा टेबलावर उघडा पडतो. या नोंदी जहाजाच्या कामकाजाच्या भाषेत ठेवता येतात, पण ती भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश नसेल तर या तिघींपैकी एकीत भाषांतर जोडणे बंधनकारक आहे.

प्रश्न: गुप्त इशारा यंत्रणेची चाचणी घेतली, पण कंपनीला संदेशच पोहोचला नाही. उपकरण तर ‘ठीक’ दाखवत होते. (सेकंड ऑफिसर, टँकर)

उपकरण बहुधा खरेच ठीक असते. बटण दाबताच किनाऱ्यावर गुपचूप धोक्याचा इशारा पाठवणाऱ्या, एसएसएएस नावाच्या या यंत्रणेत सर्वात जास्त आढळणारा दोष पत्त्यांच्या यादीत असतो. सीएसओ बदलला, कंपनी बदलली किंवा फ्लॅग बदलला, तरी टर्मिनलमध्ये जुनाच ईमेल राहतो आणि संदेश नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या खात्यात जाऊन पडतो. म्हणून आधी पत्ते तपासा. दुसरी शक्यता अँटेनाची. क्रेन किंवा फनेल उपग्रहाच्या आड येत असेल तर बंदरात धक्क्याला लागल्यावर सिग्नल तुटतो. जहाजाची दिशा बदलून किंवा खुल्या समुद्रात चाचणी पुन्हा घेतली की ते लक्षात येते. तिसरी शक्यता विजेची. यंत्रणा जहाजाच्या मुख्य विजेवर चालत असेल तर तिला दुसऱ्या स्रोतावरूनही वीज मिळायला हवी. मुख्य पुरवठा बंद करून ती चालते का, हे फारसे कोणी पाहत नाही.

चाचणीआधी सीएसओशी वेळ ठरवून घ्या आणि फ्लॅगच्या सूचनेप्रमाणे त्यांनाही आगाऊ कळवा. टेस्ट मोडची सोय असेल तर ती लावा. बटणे किमान दोन असतात आणि त्यातले एक ब्रिजवरच असते. प्रत्येक बटण स्वतंत्रपणे दाबून पाहा. एकाची चाचणी घेऊन दोन्हींची सही करणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. पोहोचलेल्या संदेशाची प्रत सीएसओकडून मागवा आणि जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक, अक्षांश-रेखांश आणि वेळ अक्षर न अक्षर जुळवा. मग रीसेट करा आणि संदेश थांबल्याची खात्री किनाऱ्यावरूनच करून घ्या, कारण ही यंत्रणा रीसेट होईपर्यंत इशारा पाठवतच राहते आणि जहाजावर कसलाही आवाज करत नाही. चार्ट टेबलाखाली फडके मारताना बटण दाबले गेले, तर ब्रिजवर कोणाला पत्ताही लागत नाही, तिकडे किनाऱ्यावर मात्र धावपळ सुरू होते. चुकून इशारा गेलाच, तर गप्प बसू नका. तत्काळ सीएसओ आणि फ्लॅग यांना कळवून तो रद्द करा आणि नोंद ठेवा.

बटणाजवळ नावाची पट्टी लावणे किंवा त्याचा फोटो हँडओव्हर नोट्समध्ये जोडणे कटाक्षाने टाळा. जागा ठराविक माणसांनाच माहीत असावी.

प्रश्न: सुरक्षा ड्रिल नेमकी किती दिवसांनी घ्यायची? (एसएसओ)

तीन महिन्यांतून किमान एकदा. एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त माणसे बदलली आणि नव्यांनी मागच्या तीन महिन्यांत त्या जहाजावरच्या ड्रिलमध्ये भाग घेतलेला नसेल, तर बदलानंतर एका आठवड्यात. बावीस माणसांच्या जहाजावर एका बंदरात सहा नवीन चढले की हा नियम लागू होतो. तारखा चुकतात त्या इथेच. ड्रिलच्या कॅलेंडरवर ‘तिमाही’ लिहिलेले असते आणि क्रू चेंजकडे लक्षच जात नाही. कंपनी, जहाज आणि बंदर यांना एकत्र घेऊन होणारा मोठा सराव दर कॅलेंडर वर्षात एकदा व्हावा आणि दोन सरावांत १८ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नसावे.

नोंदीत ‘ड्रिल घेतली, समाधानकारक’ एवढेच लिहू नका. गँगवेवर संशयास्पद पाकीट, बेपत्ता बिल्ला, स्टिअरिंग गिअर रूममध्ये अनोळखी माणूस, असा काय प्रसंग घेतला, किती वेळ लागला आणि काय चुकले ते लिहा.

प्रश्न: बंदर पहिल्या सुरक्षा पातळीवर आणि आमचे जहाज दुसऱ्या. कोणी कोणाप्रमाणे बदलायचे? (कॅडेट)

जहाजाची पातळी फ्लॅग ठरवतो. बंदराची पातळी जहाजापेक्षा वर असेल तर जहाजाने वर जायचे. उलट असेल तर जहाजाने खाली यायचे नाही, बंदरालाही आपल्यासाठी वर यायला सांगायचे नाही. अशा वेळी बंदर सुविधेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कळवून डिक्लरेशन ऑफ सिक्युरिटी करायचे. कोणती कामे कोण करणार, याचा तो लेखी करार असतो. सुरक्षा आराखडा नसलेल्या बंदरात किंवा तसा आराखडा नसलेल्या जहाजाशी शिप-टू-शिप, म्हणजे थेट जहाज ते जहाज, काम करतानाही तो मागावा. समोरच्याने सही नाकारली, तर मागितल्याची वेळ आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवा.

या नोंदी पुढे उपयोगी पडतात. बंदरात शिरण्याआधी शेवटच्या दहा बंदर सुविधांतल्या थांब्यांची माहिती मागितली जाते: कोणत्या पातळीवर होतात, काही जादा उपाय केले का, शिप-टू-शिप कामात कोणती पद्धत पाळली. ही यादी एजंटकडून घाईत भरून घेतली की तारखा लॉगबुकशी जुळत नाहीत. दर बंदर सोडताना एक ओळ भरत गेलात तर हे काम चालता चालता होते.

प्रश्न: कंपनी बदलली. आयएसएससीची मुदत अजून दोन वर्षे आहे. ती चालेल ना? (मास्टर)

चालणार नाही. नव्या कंपनीने जहाज ताब्यात घेतले किंवा फ्लॅग बदलला की जुने प्रमाणपत्र रद्द होते, मुदत कितीही शिल्लक असो. मधल्या काळासाठी सहा महिन्यांचे अंतरिम प्रमाणपत्र मिळते. पूर्ण पडताळणी टाळण्यासाठी एकामागून एक अंतरिम प्रमाणपत्रे घेत राहणे निरीक्षकासाठी स्पष्ट कारण ठरते. पाच वर्षांच्या प्रमाणपत्राची मधली पडताळणी दुसऱ्या आणि तिसऱ्या वार्षिक तारखेच्या दरम्यान झाली नाही, तरी ते रद्द होते.

याच वेळी सीएसआर, म्हणजे जहाजाचे नाव, फ्लॅग, मालक वगैरेंच्या इतिहासाचा अखंड गोषवारा, अद्ययावत करा. बदल फॉर्म दोनमध्ये लगेच भरायचा आणि फॉर्म तीनच्या सूचीत नोंदवायचा. जुने गोषवारे कधीही काढून टाकू नका. जहाज विकले गेले तरी ते जहाजावरच राहतात.

प्रश्न: निघण्यापूर्वी लपलेल्या माणसांसाठी कुठे कुठे शोधावे? (बोसन)

लोकांची नजर जात नाही तिथे आधी. रिकामे जहाज पाण्यात वर उचललेले असते तेव्हा रडर ट्रंकचे, म्हणजे सुकाणूच्या दांड्याभोवतीच्या पोकळीचे, तोंड पाण्याबाहेर येते आणि माणूस होडीतून थेट आत शिरतो. तिथे जाळी बसवलेली असेल तर वेल्डिंग टिकून आहे का ते होडीतून पाहा. मग साखळीचे लॉकर, मास्ट हाउस, क्रेनची केबिन, लाइफबोट, फनेलचा आतला भाग आणि रंगाचे स्टोअर. शोध संपलेल्या जागेला क्रमांकाचे सील लावा आणि क्रमांक लिहा. सील तुटले की पुन्हा शोध. दोघांची जोडी करा आणि प्रत्येक जोडीला ठराविक भाग लेखी द्या.

कुलपांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. चोर आत येऊ नये म्हणून निवासी भागाच्या किंवा इंजिनरूमच्या आपत्कालीन दारांना बाहेरून कुलूप घातलेले अनेकदा दिसते. आग लागली तर आतला माणूस तिथेच अडकून मरेल. सुटकेच्या वाटेवरचे दार आतून किल्लीशिवाय उघडायलाच हवे. बाहेरून न उघडणारी आणि आतून सहज सुटणारी कडी किंवा सील वापरा.

प्रश्न: सुरक्षेचे कारण सांगून टर्मिनलने आम्हाला गेटबाहेर जाऊ दिले नाही. हे योग्य आहे का? (फिटर)

खलाशांना किनाऱ्यावर जाता यावे आणि त्यांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या संस्थांना जहाजावर येता यावे, याची सोय करण्याची पद्धत बंदराच्या सुरक्षा आराखड्यात असणे संहितेनेच सक्तीचे केले आहे. स्थलांतर विभागाचे निर्बंध ही वेगळी बाब. एकटा खलाशी गेटवर वाद घालत बसला तर हाती काही लागत नाही. एसएसओमार्फत बंदर सुविधेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी विचारा, जहाज धक्क्याला लागण्याआधीच जाणाऱ्यांची नावे आणि ओळखपत्रांचे क्रमांक पाठवा, आणि नकार आला तर तोही लेखी मागा.