खुर्च्या उचलणं पुरेसं नाही

चि. बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा निरोप मिळाला. तरुण संघाची सचिव झालीस, मनापासून आनंद झाला. आपल्या मंडळीत त्या जागेवर मुलगी यायला एवढी वर्षं का लागली, यावर वेगळं पत्र लिहीन, आज नको. तू विचारलंस, "मावशी, लोक माझं ऐकतील असं काय करू?" आणि त्याखाली स्वतःच उत्तर लिहून मोकळी झालीस: सगळ्यांच्या आधी जाईन, सतरंज्या घालीन, खुर्च्या उचलीन, प्रीतिभोजनाची भांडी घाशीन, सेवक होऊन राहीन.

भांडी जरूर घास. पण भांडी घासूनही माणूस हुकूमशहा राहू शकतो. मिशन हॉस्पिटलात जन्म घालवला आणि मंडळीच्या कमिट्याही पाहिल्या, त्यावरून सांगते. सतरंजी तेच घालणार, देवळाच्या किल्ल्या त्यांच्याच खिशात, हिशेबाची वही त्यांच्याच कपाटात. एखाद्या नव्या पोराने पेटीला हात लावला की, "राहू दे, मीच वाजवतो." वर पुन्हा "मंडळीसाठी मी किती झिजलो" हे आहेच. झिजले असतील, नाही कोण म्हणतं? पण त्यांच्यामागे दुसरं कोणी उभं राहिलं नाही, आणि ते गेल्यावर पेटीवर धूळ बसली.

मार्कचा दहावा अध्याय पुन्हा वाच, सावकाश. यरुशलेमच्या वाटेवर याकोब आणि योहान हे दोन शिष्य प्रभूकडे येतात आणि उजवी-डावीकडची जागा मागतात. मत्तयाने हीच मागणी त्यांच्या आईच्या तोंडी घातलीय, म्हणजे आया तेव्हाही अशाच होत्या. बाकीचे दहा चिडले. का चिडले ते मार्क लिहीत नाही. माझा अंदाज असा, की जागा दोनच होत्या. तेव्हा प्रभूने सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं, की राष्ट्रांचे अधिकारी लोकांवर धनीपण गाजवतात, तुमच्यात तसं असायचं नाही. ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. मोठं व्हायची इच्छाच पाप आहे, असं काही तो म्हणाला नाही. तेव्हा सचिव झाल्याचा आनंद झाला म्हणून अपराधी वाटून घेऊ नकोस.

आणि प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग. त्याची आपण वर्षातून एकदा आठवण करतो, उपदेश ऐकतो आणि घरी जातो. योहानाने तिथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवलीय: पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय हे ठाऊक असताना तो जेवणावरून उठला आणि कमरेला रुमाल बांधला. सत्ता नव्हती म्हणून नव्हे, होती म्हणून. ज्याला आपल्या जागेची धास्ती असते, त्याला खाली वाकवत नाही. वाकलाच तर कोण बघतंय का, इकडे डोळा असतो. त्याला धरून देणारा यहूदा अजून पंगतीतच होता, त्याचेही पाय धुतले गेले. पेत्र मात्र पाय मागे घेऊ लागला. आपली सेवा करू देणं त्याला जड गेलं. तुझ्यासारख्या कामसू मुलींना तेच जड जातं, हे लक्षात ठेव. आजारी पडलीस आणि कोणी डबा आणला, तर "कशाला त्रास घेतलास" न म्हणता जेव.

आता जामखेडची गोष्ट सांगते. तू आपल्याच जिल्ह्यातली असून ती तुझ्या पिढीला सांगावी लागते, याचं मला नवल वाटतं.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजात शिकलेले. आपल्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपण औषध देतो, माणूस बरा होऊन घरी जातो आणि तोच आजार घेऊन पुन्हा दारात येतो. गढूळ पाणी, उपासमार, बाळंतपणातली आबाळ: दुखणं घरात होतं, डॉक्टर हॉस्पिटलात. दोघं अमेरिकेला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले. वाटलं असतं तर तिथेच राहिले असते, किंवा पुण्या-मुंबईत पाटी लावली असती. १९७० साली ते जामखेडला आले. त्यानंतर लगेच दुष्काळ पडला. ७२ चा दुष्काळ तुझ्या आजीला विचार, सुकडी आणि खडी फोडण्याच्या कामासकट सांगेल.

आधी त्यांनी नर्सना गावोगाव ठेवून पाहिलं. ते जमलं नाही. मी नर्स आहे, मला त्या मुलींचा राग येत नाही. एकटी तरुण बाई, परकं गाव, संडास नाही, संध्याकाळी दार लावलं की बाहेर कुजबुज. मग गावकऱ्यांशी बोलताना सूचना पुढे आली, की आमच्याच गावातल्या बाईला का शिकवत नाही? आरोळ्यांनी ती मानली. मला वाटतं, त्यांच्या कामाचा खरा कस इथे लागला. दोन उच्चशिक्षित डॉक्टर, आणि समोर बसल्या होत्या शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका. त्यांतल्या कितीतरी दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना शिकवलं काय? बाळाचं वजन करून कुपोषण ओळखायचं, हगवणीत मीठ-साखरेचं पाणी द्यायचं, बाळंतपण स्वच्छ हातांनी करायचं, कोणती बाई अडणार हे आधीच हेरून तिला दवाखान्यात धाडायचं. बायका ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, एकत्र शिकायच्या, एकत्र जेवायच्या. ज्या जातींनी एकमेकींच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, त्या एका पंगतीला बसल्या. गावी परतल्यावर हीच बाई पाटलाच्या सुनेच्या बाळंतपणाला घरात जाऊ लागली.

शिकलेल्या माणसाला हे किती टोचतं ते मला आतून माहीत आहे. चार वर्षं घासून, परीक्षा देऊन जी टोपी डोक्यावर चढवली, तिच्यातलं निम्मं काम एखादी अक्षरशत्रू बाई करू लागली, तर माझं काय राहिलं? आमच्या नर्सिंगच्या क्वार्टर्समध्ये या विषयावर भांडणं झालेली आहेत. अंगातलं सामर्थ्य दुसऱ्याच्या हाती देणं हे पाय धुण्याहून अवघड आहे. पाय धुतले की उठून पुन्हा गुरुजी होता येतं. ज्ञान दिलं की ते परत घेता येत नाही.

दुष्काळात हातपंप बसवण्याची वेळ आली, तेव्हा जागा दलित वस्तीच्या बाजूला धरल्या गेल्या. पाण्यासाठी गावाला तिकडे जावं लागलं. मला हे फार आवडतं. जातिभेद वाईट आहे असं भाषण कोणी केलं नाही. कोण कोणाकडे पाण्याला जाणार एवढंच उलटं केलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. काम चालू आहे, कारण ते त्या दोघांच्या मुठीत कधी नव्हतंच.

तू म्हणशील, आम्ही वीस-पंचवीस पोरं, महिन्यातून दोन सभा, आमच्याकडे कसली सत्ता? आहे. सभेत आधी कोण बोलणार, गाणं कोण निवडणार, सहलीची वर्गणी किती ठेवायची, व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन कोण, ही सगळी सत्ताच. आपल्या मंडळीत आजही कोण कोणत्या बाकावर बसतं ते पाहा. बाप्तिस्म्याने जात गेली असं आपण म्हणतो, पण महारवाडा-मांगवाडा हा फरक काही घरांत सोयरिकीच्या वेळी अजून डोकं वर काढतो. पोरांना ते कळतं. मागच्या बाकावरची पोरं गप्प असतात ती लाजाळू म्हणून नव्हे.

यावर पहिल्या मंडळीने काय केलं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी ना कानावर हात ठेवले, ना चौकशी समिती नेमली. सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाच: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळीच ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाटप त्यांच्याच माणसांच्या हाती गेलं. आपल्या कमिटीत असं व्हायचं असेल, तर निम्मे वडील खुर्चीवरून पडतील.

आता एक धोका. सेवक म्हणजे होयबा, असं तुला सांगणारे भेटतील, आणि तू मुलगी असल्यामुळे जरा जास्तच भेटतील. त्यांना पंडिता रमाबाई सांग. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांनी त्यांना आसरा दिला, त्याच धर्मभगिनींशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या: मला सदसद्विवेक आहे, आणि तो मी कोणा बिशपाकडे गहाण टाकणार नाही. १८९७ च्या प्लेगात सरकारी बंदोबस्तात बायकांचे काय हाल होतात, यावर त्यांनी उघडपणे लिहिलं. आणि याच बाईने केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला, शिकवलं, शेती, विणकाम, छापखाना उभा केला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं त्यांचं पवित्र शास्त्र मुक्तीच्या छापखान्यातच छापलं गेलं, तिथल्या मुलींच्या हातून. ते १९२४ साली बाहेर आलं, रमाबाई १९२२ मध्येच गेल्या होत्या. जी मुलगी उपाशी आली, ती छपाईचे खिळे जुळवत होती. रमाबाई कोणापुढे वाकल्या आणि कोणापुढे नाही, याची यादी तूच करून पाहा.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण देताना मात्र मी थोडी अडखळते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्यांना ख्रिस्ताच्या पायाशी एकत्र बसायचं बोलावणं दिलं. त्यांची भजनं गात मी मोठी झाले. पण अशा उदार माणसाच्या घरी डब्यात पीठ आहे का, हे कोणीतरी दुसऱ्याने बघायचं असतं, आणि ती बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून सगळ्या महाराष्ट्राने वाचलीय. तू सेवा करशील तेव्हा तिची किंमत कोण मोजतंय ते तपासत जा. शनिवार-रविवार तू देवळात आणि घरी आई एकटी धुणं बडवतेय, असं झालं तर तुझी सेवा आईच्या खर्चाने चाललीय. धाकट्या भावालाही मोरी घासता येते, हे त्याला सांग.

पैशाबद्दल थोडक्यात. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पौलाने एकट्याने नेली नाही. कोणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात आहे. प्रेषिताला जे गरजेचं वाटलं, ते आपल्याला अपमानाचं वाटू नये. वही दोघांकडे ठेव, आणि प्रत्येक सभेत शिल्लक मोठ्याने वाचून दाखव, कोणी विचारो न विचारो.

तर लोक तुझं ऐकतील का? काही ऐकतील, काही नाही. मला त्याची फारशी काळजी नाही. तुझी मुदत संपेल तेव्हा संघात सभा चालवता येणारी, हिशेब लिहिता येणारी, वडील मंडळासमोर उभं राहून बोलता येणारी किती पोरं असतील, हे मी विचारीन. त्यासाठी तुला बऱ्याचदा गप्प बसावं लागेल, आणि तू एका तासात नीट केलं असतंस ते काम दुसऱ्याला तीन तासांत वाकडंतिकडं करताना बघावं लागेल. अशा वेळी हात मागे बांधून उभी राहा. आमच्या हेड सिस्टर शिकाऊ मुलींच्या मागे अशाच उभ्या राहायच्या; जीव धोक्यात असेल तेव्हाच पुढे यायच्या.

सुरुवात नाताळपासून कर. दरवर्षी देवळात कार्यक्रम होतो, पण ऊसतोडीला गेलेली आपली चार-पाच कुटुंबं तेव्हा कारखान्याच्या परिसरात कोप्यांवर, म्हणजे तिथल्या झोपड्यांत असतात. त्यांच्यासाठी कधीच काही होत नाही. एखादं वर्ष साड्या-घोंगड्या वाटून फोटो काढून आलो असू, तेवढंच. यंदा गाणी तिकडे घेऊन जा. पण आधी त्यांच्यातल्याच एखाद्या मुलाला फोन कर, कार्यक्रम त्यालाच ठरवू दे: दिवस, वेळ, गाणी, सगळं. तो म्हणेल रात्री नऊनंतर या, कारण गाडी रिकामी करून माणसं तेव्हाच मोकळी होतात. मग थंडीत नऊ वाजताच जा, आणि संघातली पोरं कुरकुरली तर त्यांना माझं नाव सांग.

तो काय म्हणतो ते कळव. स्वेटर घेऊन जा.

तुझी,
मावशी