बदकांचे नर चवताळलेत? आधी नर मोजा

प्रश्न (यावल तालुका, जि. जळगाव): साहेब, दिवाळीच्या सुमारास हौसेने बदकाची पिल्लं आणली. पाच नर, चार माद्या जगल्या. संक्रांतीपर्यंत सगळी गुण्यागोविंदाने राहायची, लेकरांच्या मागे फिरायची. होळीपासून नर एकमेकांची मानगूट धरतात. माद्यांच्या मानेवरची पिसं गेली, शेततळ्यात तर नर त्यांना पाण्याखाली दाबतात. एक नर घरच्यांच्या पायाला चावतो. ते पिसाळले असतील का? खच्ची करता येतात का, की विकून टाकू?

उत्तर: भाऊ, पिसाळलेले नाहीत. रेबीज हा दूध पाजणाऱ्या जनावरांचा रोग, बदकाच्या चाव्यातून ती भीती नाही. जखम साबणाच्या पाण्याने धुवा.

झालंय असं, की दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. दिवाळीचं पिल्लू होळीपर्यंत साडेचार-पाच महिन्यांचं होतं, म्हणजे नर वयात येतो. आणि त्याच काळात दिवस वाढतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, जूनमध्ये तो सव्वातेरा तासांच्या वर जातो. वाढता उजेड डोळ्यांतून आणि कवटीतून मेंदूला पोचतो, तिथून वृषणांना इशारा जातो, ती कित्येक पटींनी फुगतात आणि नर माजावर येतो. त्याचा स्वभाव बिघडलेला नाही, हा ऋतूचा जोर आहे. म्हणून काठीने मारून तो सुधारणार नाही, उलट माणसाला वैरी समजेल.

खच्ची करण्याचं डोक्यातून काढा. बदकाची वृषणं पोटात, मूत्रपिंडांना लागून असतात. घरगुती खटाटोपात पक्षी हमखास जातो.

तुमचं खरं दुखणं आकड्यात आहे. पाच-सहा माद्यांमागे एक नर, हे प्रमाण धरतात. तुमच्याकडे चार माद्यांवर पाच नर. एका मादीवर पाळीपाळीने सगळे चढतात, चोचीने मानेचं कातडं धरून ठेवतात. घरी गेलात की एक मादी हातात घ्या आणि डोक्यामागची पिसं बोटांनी उलटी सारा. कातडी लाल, ओलसर, खपलीची दिसेल. डोळा सुजलेला आहे का, पाय लंगडतो का, तेही बघा. जखमेवर पोव्हिडोन आयोडीन लावा आणि मादी सावलीत, माशा बसणार नाहीत अशा जाळीत ठेवा. एप्रिलच्या उन्हात उघड्या जखमेत दोन दिवसांत अळ्या पडतात. अळ्या दिसल्या तर घरी उपाय करत बसू नका, तशीच जनावरांच्या दवाखान्यात आणा.

नर-मादी ओळखण्यात गफलत नको. नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळून कुरळी झालेली असतात आणि आवाज घोगरा, बसलेला असतो. खणखणीत ‘क्वॅक’ करते ती मादी.

आज संध्याकाळी अंधार पडता पडता पाचही नर वेगळे करा. पायाला धरून उचलू नका, बदकाचा पाय नाजूक असतो, सांध्यातून निखळतो. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून धरा. नरांचा वाडा असा करा की माद्या दिसणार नाहीत. मध्ये तुराट्यांचा किंवा केळीच्या वाळल्या पानांचा दाट आडोसा चालेल. मादी नजरेआड झाली की भांडायला कारणच फारसं उरत नाही. पहिले एक-दोन दिवस धुसफूस होईल, कोण मोठा ते ठरेल, मग निवळतात. रक्त निघालं तरच मध्ये पडा. रात्रीच्या निवाऱ्यात प्रत्येकी चार-पाच चौरस फूट, बाहेर त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा द्या. खाद्य एकाच घमेल्यात न टाकता दोन-तीन ठिकाणी लांब लांब टाका. वाड्यात कापसाच्या पऱ्हाटीचे एक-दोन भारे उभे करा, म्हणजे मार खाणाऱ्याला लपायला जागा राहते. अंड्यावरच्या पक्ष्यांचं चुनखडीचं खाद्य नरांना घालू नका, जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला जाचतं. वाढीचं खाद्य, थोडी दादर ज्वारी आणि चिरलेला लसूणघास पुरे. गोठ्यात रात्रभर बल्ब जळत असेल तर बंद करा. बल्ब म्हणजे नराला दिवसच वाटतो.

शेततळ्याबद्दल मला फार काळजी वाटते. प्लास्टिक अंथरलेल्या उतारावर बदकाचा पाय घसरतो. वर तीन नर आणि बाहेर निघायला धड जागा नाही, अशा वेळी दमलेली मादी बुडते. पाण्यात बदक बुडतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण बुडतं. माज आहे तोवर शेततळं बंद. अर्धा ड्रम आडवा कापून त्यात फूटभर पाणी ठेवा, चोच आणि डोकं बुडेल एवढं हवंच, आणि चढा-उतरायला विटांची पायरी करा. पुढे शेततळ्यात सोडायचं झालं तर उतारावर गोणपाट बांधून वर येण्याचा रस्ता आधी तयार करा.

पायाला चावणारा नर बहुतेक लेकरांच्या हातावर वाढलेला असणार. तो माणसालाच आपल्यातला समजतो. त्याच्यापुढून पळू नका, लाथ मारू नका. वाकून त्याची पाठ हलक्या हाताने जमिनीशी दाबून धरा, शांत झाला की सोडा. रोज न चुकता केलं तर फरक पडतो. लहान मुलांना मात्र सध्या त्याच्या वाड्यात पाठवू नका.

कधी नराचं इंद्रिय बाहेर लोंबत राहतं आणि सुजतं. स्वच्छ पाण्याने धुवा, साखरेच्या गार पाण्याने ओलं ठेवा, त्याला एकटा ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा. वाळलं तर काळं पडतं.

शिरपूरकडच्या एका ताईंनी विचारलंय, की बदकाची मादी नाही आणि नर कोंबड्यांवर चढतो, चालेल का? अजिबात नाही, ताई. कोंबड्याला तसं इंद्रिय नसतं, बदकाला असतं, आणि कोंबडी आतून फाटून मरते. आजच वेगळा करा.

भाऊ, विकायचं म्हणाल तर तीन-चार नर कमी करणं शहाणपणाचंच. खाण्याच्या अंड्यांसाठी नर लागतच नाही. पिल्लं काढायची तर सगळ्यांत शांत एक नर ठेवा. त्यालाही माद्यांच्या जखमा भरेपर्यंत, निदान दोन-तीन आठवडे, बाजूलाच राहू द्या. पुढे पिसं झडू लागली, रंग फिका पडला, शेपटीचं कुरळं पीस गळालं, की माज उतरला समजा. तेव्हा आधी चार-पाच दिवस मध्ये फक्त जाळी ठेवा, एकमेकांना दिसू द्या. माद्यांच्या मानेवर नवी पिसं पुरती आली की एका संध्याकाळी जाळी काढा आणि पहिला तासभर स्वतः तिथे उभे राहा.