जुनी गाडी सकाळी चिमणीसारखी चीं-चीं करते, गॅरेजला नेली की गप्प. आवाज कुठला आहे ते कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००७ ची वॅगनआर आहे, रोज खानापुरातून बेळगावला येता, सकाळी निघताना चीं-चीं ऐकू येते आणि मेस्त्रीसमोर गाडी उभी केली की काहीच नाही. इंजिनाचा बेल्ट बदलला, पुढचे ब्रेक पॅड बदलले, आवाज तसाच. आता शॉकअप, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारे शॉक अब्सॉर्बर, बदलायचा सल्ला मिळालाय. माझं पहिलं सांगणं एवढंच की शॉकअप सध्या थांबवा.

तुमच्या प्रश्नातच एक मोठी खूण आहे. आवाज सकाळी, गाडी गार असताना येतो. खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटर. तेवढ्यात इंजिन, बेल्ट, रबर, ब्रेक सगळं तापून जातं. म्हणजे मेस्त्रीनं तो आवाज आजवर कधी ऐकलेलाच नाही, तुमच्या सांगण्यावरून अंदाजानं तो एकेक वस्तू बदलतोय. गाडी एक रात्र त्याच्याकडं सोडा आणि सकाळी पहिली किल्ली त्यालाच मारू द्या. नाहीतर त्याला खानापूरला घरी बोलवा. येण्याजाण्याचे पैसे द्यावे लागले तरी ते दोन शॉकअपपेक्षा कमीच पडतील.

आमच्या घरी हेच झालं होतं म्हणून इतक्या खात्रीनं सांगतोय. बाबांची २००१ ची मारुती ८०० होती. थंडी पडली की डॅशबोर्डाच्या मागून चिर्र-चिर्र सुरू व्हायची. एका गॅरेजनं बेल्ट बदलला, दुसऱ्यानं ब्रेक पॅड, तिसऱ्यानं लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश. दोन हिवाळे असेच गेले. मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं बॉनेटही न उघडता विचारलं, "आवाज इंजिनाबरोबर वाढतो, का चाकाबरोबर?" आम्हाला सांगता येईना. इतक्या दिवसांत आम्ही तो आवाज ऐकत होतो, पण त्याची चाल कुणी पाहिलीच नव्हती.

त्यानं बाबांच्या शेजारी बसून गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यायला लावली. आधी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसच्या वेगानं, मग त्याच वेगानं तिसऱ्या गिअरमध्ये. गिअर बदलला की इंजिनाचे फेरे बदलतात, चाकांचे नाही. चिर्र-चिर्र दोन्ही वेळेला तेवढ्याच तालात. मग गाडी न्यूट्रलला टाकली, तरी ताल तोच. "इंजिन यातून सुटलं," तो म्हणाला, "आता काटा बघा." वेगाच्या मीटरचा काटा थरथरत होता, आणि थरथर त्या आवाजाच्या तालातच होती. जुन्या ८०० च्या मीटरला केबल असायची. तिच्या आतली तार फिरते, आणि त्या तारेचं ग्रीस वाळून गेलं होतं. त्यानं तार ओढून काढली, पुसली, खालच्या भागाला पातळ ग्रीस लावलं, वरची दोन-तीन इंचं मुद्दाम कोरडी ठेवली. तसं नाही केलं तर ग्रीस चढत मीटरमध्ये जातं. काम अर्ध्या तासाचं. त्या दिवशी बाबांनी गाडी सगळ्या काचा वर करून घरी आणली, आवाज नाहीये हे नीट ऐकू यावं म्हणून.

तुमच्या गाडीला केबल आहे की नुसती वायर, हे मेस्त्री मिनिटभरात सांगेल. पण त्या म्हाताऱ्यानं विचारलेला प्रश्न कुठल्याही गाडीला लागू आहे. मात्र ही न्यूट्रलची चाचणी सपाट रस्त्यावर आणि इंजिन चालू ठेवूनच करा. चालत्या गाडीची किल्ली फिरवली तर ब्रेक जड होतो आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

उद्या सकाळी दारातच सुरुवात करा. हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये चालू करा आणि गाडी न हलवता ऐका. उभ्या गाडीत चीं-चीं आली तर ती इंजिनाकडची. बॉनेट उघडून बेल्टच्या खाचांच्या बाजूला फवाऱ्यानं थोडंसं साधं पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुली एका रेषेत नाही किंवा कुठलंतरी बेअरिंग डुगडुगतंय. पाण्यानं आवाज उलट वाढला, तर बेल्ट सैल आहे आणि घसरतोय. तुमचा बेल्ट नवा असूनही आवाज राहिलाय, त्याचं कारण इथं असू शकतं: अल्टरनेटरचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग खराब असेल तर आवाज बेल्ट बदलून जात नाही, आणि वाकड्या पुलीवर नवा बेल्टसुद्धा ओरडतो. बेल्टवर तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे अजिबात मारू नका. हे करताना ओढणी, बाह्या, केस सांभाळा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही एकदम सुरू होऊ शकतो.

तिथंच एकदा क्लच दाबून बघा. दाबला की आवाज सुरू होत असेल तर क्लच बेअरिंगकडं बोट जातं. दाबल्यावर आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग तपासावं लागेल.

उभी गाडी शांत आणि हलली की चीं-चीं, असं असेल तर चाकांकडं वळा. हळू जाताना ब्रेकवर पाय अगदी हलका ठेवा. आवाज लगेच थांबला किंवा बदलला तर तो ब्रेकचाच. पॅड नवे घातलेत हे खरं, पण पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना काढून, साफ करून, त्यांना ग्रीस लावलं होतं का, हे विचारा. पुष्कळदा नुसते पॅड सरकवून काम उरकतात. खानापूर, जांबोटीकडची तांबडी माती पावसात चिखल होऊन चाकात जाते आणि वाळली की घट्ट बसते. पिना अडकल्या की पॅड डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, घासत राहतो. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकला तरी गाडी कान किटेपर्यंत किंचाळते, आणि तो खडा काढायला नव्या पार्टची गरज नसते. चाक उचलून हातानं फिरवलं की दोन्ही गोष्टी कळतात. नुसत्या जॅकवर मात्र गाडीखाली जाऊ नका, खाली स्टँड लावा. आणि दमट रात्रीनंतर पहिल्या दोन-चार ब्रेकला जो किर्र आवाज येतो तो डिस्कवरच्या पातळ गंजाचा असतो. तो आपोआप जातो, त्याच्यावर पैसे घालू नका.

खड्ड्यात किंवा गतिरोधकावरच कुईं-कुईं येत असेल तर बुश आणि बॉल जॉइंट बघा. इथं आपल्याकडचा पाऊस उपयोगी पडतो. जूनमध्ये गेलेला आवाज थंडीचं कोरडं वारं सुटल्यावर परत येत असेल तर कोरड्या रबराची शंका धरा, कारण ओलं रबर ओरडत नाही. दोघं मिळून तपासा: एकानं गाडीचा एकेक कोपरा दाबून हलवायचा, दुसऱ्यानं खाली कान द्यायचा, आणि एकेका बुशवर पाणी मारत जायचं. ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज गेला, तो बुश. मेस्त्रीला जागा दाखवता आली की तो सगळे बुश बदलायला सांगत नाही. सर्व्हिसिंगला खालून जुनं ऑइल किंवा डिझेल मारून द्यायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे, ती नको म्हणून सांगा. दोन दिवस गाडी गप्प राहते, पण रबर फुगतं आणि सडतं. मारायचंच तर सिलिकॉनचा स्प्रे.

ओम्नी असणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती धोक्याची आहे. कडोलीचे आमचे मामा ओम्नीतून भाजी आणायचे. माणसाच्या चालीनं गाडी निघाली की खालून चीं, चीं, चीं, आणि वेग वाढला की ऐकू येईनासं. त्यांना वाटायचं गेला आवाज. खरं तर तो बाकीच्या आवाजात बुडायचा. ओम्नीला मागच्या चाकांकडं जाणारा लांब शाफ्ट असतो, त्याच्या जॉइंटचा क्रॉस कोरडा पडला होता. असा क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर लोंबकळतो. मामांनी दुसऱ्याच दिवशी क्रॉस बदलून घेतला.

आतल्या प्लॅस्टिकचं थोडक्यात सांगतो. डिकी पूर्ण रिकामी करा, जॅक-पाना आणि स्टेपनीसकट. मग कुणाला तरी शेजारी बसवून चालत्या गाडीत डॅशबोर्ड, दरवाजे, सीटबेल्टचं बक्कल तळव्यानं दाबायला सांगा. दाबल्यावर आवाज थांबला तर तिथं फेल्टची पट्टी लावा. दरवाजाच्या रबराला टाल्कम पावडर लावून बघा. बंद गाडीत कानाला दिशा नीट कळत नाही, मागचा आवाज पुढं वाटतो, म्हणून पुढं बसून "डाव्या चाकातच आहे" असं ठरवू नका.

दाखवायला उशीर करायचा नाही असे आवाज थोडेच: ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याची घर्र, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक, वेगाबरोबर वाढणारी चाकातली घूं-घूं, आणि चीं-चींसोबत बॅटरीचा दिवा लागणं किंवा तापमानाचा काटा चढणं. यातलं काही असेल तर गाडी चोर्ला घाटाकडं नेऊ नका, आधी दाखवा.

मेस्त्रीकडं जाताना कागदावर लिहून न्या: गार की गरम, वेग किती, गिअर कुठला, ब्रेकनं बदलतो का, पावसात येतो का. आणि आवाजाची नक्कल करून दाखवा, लाजू नका. मेस्त्री मराठी असो की कन्नड, चीं-चीं, करकर आणि टकटक दोघांनाही सारखंच कळतं.

उद्या सकाळी उभ्या गाडीत आवाज आला की नाही, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.