फुटबॉलपटूंचे कौतुक पुष्कळ, पण मैदानावर ईर्षा का दिसत नाही?

आपला चौदा वर्षांचा पुतण्या मेस्सी, रोनाल्डो आणि एम्बापे यांचे व्हिडिओ दिवसभर पाहतो, त्यांचे विक्रम त्याला तोंडपाठ आहेत, परंतु स्वतः खेळताना तो मागे मागे राहतो. मग या कौतुकाचा उपयोग काय आणि जिंकण्याची ईर्षा येते कोठून, असे आपण विचारले आहे. मी अमळनेर तालुक्यातील एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि हीच अडचण मला दर हंगामात दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी कौतुक कशाचे करायचे, हे ठरवावे लागेल. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटात फक्त गोल दिसतो. मला मात्र या खेळाडूंची थोरवी दुसऱ्याच गोष्टीत वाटते: सर्वांदेखत चूक झाल्यानंतरही पुढचा चेंडू आपल्याकडेच यावा, अशी त्यांची इच्छा असते. १ जुलै २०१८ रोजी विश्वचषकात क्रोएशिया आणि डेन्मार्क १-१ अशा बरोबरीत अडकले होते, आपल्याकडे रात्रीचे दोन वाजत आले होते आणि जादा वेळ संपत आला असताना क्रोएशियाला पेनल्टी, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असताना फटका मारण्याची संधी, मिळाली. ११६व्या मिनिटाला कर्णधार लुका मॉद्रिचचा फटका डेन्मार्कचा गोलरक्षक कास्पर श्मायकेलने अडवला. काही मिनिटांतच निकालासाठी पेनल्टी शूटआउट, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी मारणे, सुरू झाले, तेव्हा तोच मॉद्रिच त्याच गोलरक्षकासमोर पुन्हा उभा राहिला आणि या वेळी त्याने गोल केला. क्रोएशिया पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेला, तेथे फ्रान्सकडून ४-२ असा हरला, तरी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मॉद्रिचलाच मिळाला. क्रोएशियाची लोकसंख्या सुमारे ४० लाख, म्हणजे साधारण आपल्या जळगाव जिल्ह्याएवढी आहे, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो. मेस्सीचेही तसेच आहे. २०१६च्या कोपा अमेरिका या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शूटआउटमधील अर्जेंटिनाची पहिली पेनल्टी त्याने बाहेर मारली आणि निराशेच्या भरात राष्ट्रीय संघातून निवृत्तीही जाहीर केली. तो परतला, आणि २०२२च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाची पहिली पेनल्टी घ्यायला पुन्हा तोच पुढे झाला.

आता आमचे मैदान पाहा. पेनल्टी मिळाली की मी ज्याच्याकडे पाहीन तो बुटाची लेस बांधायला खाली वाकतो. एकदा संघातील सर्वांत चपळ मुलगा मला म्हणाला, "सर, माले नका सांगू, चुकनं तर पोरं हासतीन." या मुलाला मेस्सीचे गोल वर्षावार पाठ होते. म्हणजे कौतुक कमी पडत नव्हते. चुकल्यानंतर पुन्हा संधी मिळेल, याची खात्री त्याला नव्हती.

आणि त्याची शंका अगदी रास्त होती. आपल्या शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी आणि बहुधा बाद पद्धतीने होतात. पहिलाच सामना हरलेल्या संघाचा हंगाम तासाभरात आटोपतो. प्रमाणपत्र आणि दहावीचे क्रीडा सवलत गुण यांची चर्चा मात्र आमच्याकडे खेळापेक्षा अधिक होते. याउलट मॉद्रिचचे पाहा. तो लहान चणीचा आहे म्हणून हायडुक स्प्लिट या क्लबने त्याला घेतले नव्हते. पुढे डिनामो झाग्रेब या क्लबने त्याला अठराव्या वर्षी बोस्नियातील धसमुसळ्या लीगमध्ये, म्हणजे हरले तरी संघ बाद होत नाही अशा साखळी स्पर्धेत, खेळायला पाठवले. तेथे पडला, हरला, तरी पुढच्या आठवड्यात सामना असायचाच. माझ्या मते ईर्षा ही अशी आठवड्याआठवड्याने मुरते. ती भाषणाने किंवा व्हिडिओने अंगात शिरत नाही. जन्मजात जिद्दीच्या गोष्टी आपण फार सांगतो, सामने मात्र भरवत नाही.

म्हणून आम्ही शाळेपुरती एक लहान लीग सुरू केली. पाच-पाच मुलांचे संघ, दर रविवारी सामने, कोणीही बाद होत नाही. नियमांत एकच भर घातली: ज्याची पेनल्टी हुकेल त्यानेच संघाची पुढची पेनल्टी घ्यायची. सुरुवातीला मुलांनी कुरकुर केली, पालकांनीही केली. बुटाची लेस आता कमी वेळा सुटते, एवढे मात्र सांगू शकतो.

आपल्या पुतण्याचे व्हिडिओ बंद करू नका. त्याला मॉद्रिचचा एखादा जुना सामना पूर्ण दाखवा आणि चेंडू कोठेही असो, नजर फक्त मॉद्रिचवर ठेवायला सांगा. चेंडू मिळण्याआधी तो मान वळवून दोन्ही खांद्यांवरून मागे पाहतो. आपल्याकडे पास येणार हे गृहीत धरूनच तो जागा घेत असतो. त्यानंतर गावातील आठ-दहा मुले जमवून दर आठवड्याला सामना लावा. कापूस वेचणीच्या दिवसांत मुले कमी येतील, तेव्हा तीन-तीन जणांत खेळवा. उन्हाळ्यात मात्र आठ वाजायच्या आत आटोपा. आपल्याकडच्या मे महिन्यात त्यानंतर मुलांना मैदानावर पळवणे धोक्याचे असते.