आबाजींना सर्दी झाली, गोळी देऊ का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी हिंगणा रोडकडे एका वृद्धाश्रमात अटेंडंट आहे. थंडी पडली तशी एका आबाजींना सर्दी झाली अन् आठवड्यात आणखी पाच जणांना. दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून सगळ्यांना देऊन टाकू का जी? काही नातेवाईक अँटिबायोटिक सुरू करा म्हणतात. वाफ देतोच, संत्री बंद केली.

उत्तर: ताई, गोळी आधी बाजूला ठेवा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन अन् फिनाइलेफ्रिन असं तिन्ही एकत्र असतं, तरण्या माणसाला चालून जातं पण ऐंशीच्या आबाजींना क्लोरफेनिरामिननं गुंगी येते, रात्री लघवीला उठले की तोल जातो, प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवीच अडकते, अन् कोणी बरळायला लागलं की आपण म्हणतो वय झालं. फिनाइलेफ्रिननं बीपी चढू शकतं. त्यात अंगदुखीला वेगळी पॅरासिटामॉल दिली की डोस डबल! डॉक्टरला चालू औषधांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय काहीच नाही.

अँटिबायोटिकचा उपयोग नाही, सर्दी व्हायरसची असते, ७ ते १० दिवस घेते, खोकला थोडा जास्त रेंगाळतो.

नाकात सलाइनचे थेंब टाका, उशी उंच ठेवा. म्हातारपणी तहान कळत नाही म्हणून मागायची वाट न पाहता कोमट पाणी, पातळ वरण घोट घोट देत राहा (पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांना तेवढंच). उकळत्या पाण्याचा गंज समोर ठेवून वाफ नका देऊ, थरथरत्या हातानं सांडला तर सर्दी परवडली म्हणाल. अन् संत्री कशाला बंद केली बाप्पा, नागपुरात राहून? संत्र्यानं सर्दी होत नाही.

पसरते कशी म्हणाल तर बरेचदा आपल्याच हातानं. एका पलंगावरून दुसऱ्यावर जाताना साबणानं २० सेकंद हात धुवा. आजारी लोकांकडे एकच बाई ठेवा, अन् तुम्हाला सर्दी असेल तर सुट्टी घ्या, मॅनेजरला माझं नाव सांगा.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, या वयात तापाशिवायही न्यूमोनिया होतो. जेवण सोडलं, अचानक घोळ घालायला लागले, दम लागला, किंवा एरवी ठीक असणारं ऑक्सिजन बोटाच्या मशीनवर ९४ टक्क्यांच्या खाली गेलं, तर व्हिजिटवाल्या डॉक्टरची वाट न पाहता थेट मेडिकलला नाहीतर मेयोला (नागपुरातली दोन्ही सरकारी हॉस्पिटलं) न्या, रात्र असली तरी.