आकाशातला एक्स-रे स्रोत ओळखायला अवरक्त वर्णपट (लालपलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली फोड) कशाला लागतो? आणि मराठवाड्यात राहून हे काम करता येतं का?

या प्रश्नापायी एमएस्सीच्या प्रकल्पात माझे गुण गेलेत, म्हणून लिहितोय.

इंटिग्रल (२०२५ मध्ये बंद झालेली, अवकाशातली गॅमा आणि एक्स-रे दुर्बीण) ‘या बाजूला काहीतरी आहे’ एवढंच सांगायची. स्थानातली चूक दोन-चार आर्कमिनिटांची (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक आर्कमिनिट), आणि आकाशगंगेच्या पट्ट्यात तेवढ्यात ताऱ्यांची नुसती गर्दी. पाकिटावर ‘पाटील, वसमत’ एवढंच लिहिल्यासारखं. त्यात मधे धूळ. दृश्य प्रकाश २० मॅग्निट्यूडने, म्हणजे १० कोटी पटीने मंदावतो, तिथं अवरक्तातल्या २.२ मायक्रॉन तरंगलांबीला जेमतेम दोनेक मॅग्निट्यूड जातात. २००३ मध्ये इंटिग्रलला सापडलेला आयजीआर जे१६३१८-४८४८ हा एक्स-रे स्रोत असाच गुरफटलेला होता. अवरक्त वर्णपटानेच त्याचा जोडीदार महाराक्षसी तारा असल्याचं दाखवलं.

आमच्या प्रकल्पातल्या स्रोताच्या त्या चुकीएवढ्या वर्तुळात शेवटी दोन तारे उरले, एक ठळक, एक अंधुक. मी वसमतहून नांदेडला एसटीने ये-जा करणारा. खुल्या संग्रहातले वर्णपट कॅफेत बसून उतरवले होते. ठळक ताऱ्यात २.२९ मायक्रॉनपासून पुढे कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे. थंड राक्षसी तारा, असे पैशाला पासरी. अंधुक ताऱ्यात मात्र २.१६६ला हायड्रोजनची आणि २.०५८ला हेलियमची रेषा, दोन्ही उत्सर्जनात. म्हणजे भोवती तापलेला वायू, एक्स-रेचा संशय याच्यावरच. मार्गदर्शक सर म्हणाले, “ठळक तोच. अंधुक काय एक्स-रे फेकणार?” मी वर्णपट पुढे केला. “शिकवायलास का मला?” बाहेरचे परीक्षक पोहे खात होते, त्यांनी मान वर केली नाही. पुढे चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीने मोजलेलं स्रोताचं स्थान मिळालं, चूक एका आर्कसेकंदाच्या आत. अंधुकच निघाला! तो कागद घेऊन सरांकडे जायला हवं होतं, गेलो नाही.

मराठवाड्याचं म्हणाल तर औंढ्याच्या लायगोकडे बघून यात पडू नका, ते गुरुत्वीय लहरींचं काम. अवरक्तासाठी लडाखमधल्या हानलेची २ मीटरची नाहीतर उत्तराखंडमधल्या देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण. वेळ मिळवायला अर्ज करावा लागतो, पण जुने वर्णपट घरी बसूनही मिळतात. मार्गदर्शक निवडताना एवढंच विचारा, “सर, तुम्ही स्वतः शेवटचा वर्णपट कधी काढलात?”

हां, एक राहिलं. थंड राक्षसी तारा दिसला की तो निर्दोष, असंही नाही. जीएक्स १+४ या एक्स-रे स्रोतात न्यूट्रॉन तारा लाल राक्षसी ताऱ्याचाच वायू ओढतो. सरांनी हे सांगितलं असतं तर मी गप्प बसलो असतो. ते म्हणाले, ठळक आहे म्हणून.